ऋषिऋण आणि सायटेशन

दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या लेखनाची सूची करायला बसलं, की ती कोणत्या विषयाखाली लावावी याचाच आधी पेच पडतो. १९०७ साली गोव्यात जन्मलेला, हार्वर्डमध्ये शिकलेला आणि आयुष्याचा मोठा काळ पुण्यात काढलेला हा गणितज्ञ. १९३३ साली एका जर्मन नियतकालिकात त्यांचा भूमितीवरचा लेख आला आणि त्याला लागूनच एली कार्तां या थोर फ्रेंच गणितज्ञाची त्या लेखावरची टिप्पणी छापली गेली. १९४३ साली त्यांनी संख्याशास्त्रात एक महत्त्वाची मांडणी केली. १९४४ साली, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, अनुवंशशास्त्रात चार पानांचा लेख लिहिला. १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. प्राचीन भारताच्या इतिहासाकडे पाहायची रीत ज्या पुस्तकानं बदलली, ते १९५६ साली आलं. लगेच पुढच्या वर्षी वा. वि. गोखले यांच्यासह त्यांनी संपादित केलेला विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाला. या सगळ्याच्या जोडीला जुन्या नाण्यांची वजनं, कार्ल्याचे शिलालेख आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवरची अश्मयुगीन हत्यारं होतीच.

आज हेच कोसंबी एखाद्या विद्यापीठात अर्ज करायला गेले, तर त्यांच्यापुढे एक तक्ता येईल. एकूण पेपर किती, एकूण सायटेशन (म्हणजे इतरांनी केलेले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती. तक्त्याला भूमिती आणि भर्तृहरी यांच्यातला फरक कळत नाही. गणितात एखादा लेख दहा वर्षांत पन्नास ठिकाणी उद्धृत झाला तरी ती मोठी गोष्ट समजतात. वैद्यकशास्त्रात तेवढे उल्लेख एखाद्या बऱ्या लेखाला दोन-तीन वर्षांत मिळून जातात. संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्यांचे उल्लेख पुस्तकांच्या तळटीपांत होतात आणि त्या पुस्तकांपैकी बरीचशी मोठ्या डेटाबेसमध्ये शिरतच नाहीत. या सगळ्याची बेरीज करता येते, पण त्या बेरजेतून कोसंबी कळत नाहीत.

इथे हिशेबाच्या पद्धतीचा प्रश्न आहेच, पण त्याच्या तळाशी एक तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. एका अभ्यासकानं दुसऱ्याचं नाव घेतलं, तर त्या क्षणी नेमकं काय घडतं? ज्याचं नाव घेतलं त्याच्या खात्यात काही जमा होतं, की ज्यानं घेतलं त्यानं आपल्यावरचं कर्ज मान्य केलेलं असतं? उल्लेखाला कमाई मानलं तर मोजणं ओघानंच आलं. कर्ज मानलं तर मात्र विचारावं लागतं, की ते फिटतं कसं.

या दुसऱ्या प्रश्नाला भारतीय परंपरेत फार जुनं उत्तर आहे. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांची कल्पना येते. जन्माला येतानाच माणूस ऋषींचा, देवांचा आणि पितरांचा ऋणी असतो. देवांचं ऋण यज्ञानं फिटतं, पितरांचं संततीनं आणि ऋषींचं ब्रह्मचर्यानं, म्हणजे गुरूपाशी राहून केलेल्या अध्ययनानं. मूळ वचन ब्राह्मणापुरतं बोलतं, आणि ज्ञानाची दारं कुणाकुणाला बंद होती हा त्या परंपरेवरचा डाग पुसता येणार नाही. तरी कल्पनेचा गाभा मोलाचा आहे. ऋषींचं देणं त्यांची स्तुती करून फिटत नाही, नुसतं नाव घेऊनही फिटत नाही. ते फिटतं त्यांनी मागे ठेवलेलं शिकल्यानं.

पाणिनीनं ‘अष्टाध्यायी’त आपल्या आधीच्या दहा वैयाकरणांची नावं घेतली आहेत. आपिशलि, काश्यप, गार्ग्य, गालव, चाक्रवर्मण, भारद्वाज, शाकटायन, शाकल्य, सेनक आणि स्फोटायन. सूत्रात एक अक्षर वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या परंपरेत त्यानं या नावांना जागा दिली. अमुक रूप अमुक आचार्याच्या मते होतं, असं सांगण्यासाठी ती आली आहेत. यांतल्या बहुतेकांचे व्याकरणग्रंथ काळाच्या ओघात नाहीसे झाले. सेनक किंवा स्फोटायन असा कुणी विद्वान होऊन गेला, हे आज कळतं ते पाणिनीनं नाव घेतलं म्हणून. एकच उल्लेख, आणि अडीच हजार वर्षांची आठवण.

इतर धर्मपरंपरांनीही या प्रश्नाचा गांभीर्यानं विचार केलेला दिसतो. यहुदी परंपरेतल्या ‘पिर्के अवोत’मध्ये ऐकलेली गोष्ट मूळ सांगणाऱ्याच्या नावानिशी सांगणं हे जगाला मुक्तीकडे नेणारं कृत्य मानलं आहे आणि त्यासाठी एस्तेर राणीचा दाखला दिला आहे. राजाविरुद्धच्या कटाची बातमी मोर्दखयनं आणली होती. एस्तेरनं ती राजाला त्याच्याच नावानं सांगितली आणि त्यामुळे पुढे सगळ्या समाजाचे प्राण वाचले. इस्लामी परंपरेत हदीसच्या प्रत्येक वचनामागे ते कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी असते, तिला इस्नाद म्हणतात. त्या साखळीतल्या एकेका माणसाचं चारित्र्य, स्मरणशक्ती आणि विश्वासार्हता तपासण्यासाठी चरित्रकोशांचं एक स्वतंत्र शास्त्रच उभं राहिलं. नावं किती यापेक्षा नाव घेणारा कोण आणि त्यानं नीट ऐकलं होतं का, हा तिथला कळीचा प्रश्न होता.

आपल्याकडच्या दार्शनिकांनी तर याहून अवघड शिस्त अंगी बाणवली. ज्याचं म्हणणं खोडायचं, त्याचं म्हणणं आधी पूर्वपक्ष म्हणून पूर्ण ताकदीनं मांडायचं. चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ आज हाती नाहीत. त्यांचं मत बरंचसं कळतं ते त्यांच्या विरोधकांकडून. आठव्या शतकातल्या शांतरक्षिताच्या ‘तत्त्वसंग्रहा’तून आणि त्यावरच्या कमलशीलाच्या टीकेतून, चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’च्या पहिल्याच प्रकरणातून. मत पटत नव्हतं तरी ते पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवणं हे या पंडितांनी आपलं काम मानलं. पूर्वपक्ष मांडायचा तर प्रतिपक्षाचा ग्रंथ वाचल्यावाचून सुटका नसते. त्यांच्यासाठी उल्लेख हा वाचल्याचा पुरावा होता.

उल्लेखांची आधुनिक मोजदाद सुरू करणाऱ्या माणसाच्या मनातही मुळात काही वेगळं नव्हतं. युजीन गारफील्ड या अमेरिकन अभ्यासकानं १९५५ साली ‘सायन्स’मध्ये लेख लिहून विज्ञानासाठी संदर्भसूचीची कल्पना मांडली. त्याला ती सुचली वकिलांच्या जगातून. अमेरिकेत १८७३ पासून ‘शेपर्ड्‌स सायटेशन्स’ नावाची सूची निघत असे. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यात घेतला गेला, कोणत्या न्यायालयानं तो फिरवला, हे तिच्यात पाहता येई. शास्त्रज्ञालाही असंच कळावं, की आपण ज्या लेखावर विसंबतो आहोत त्याच्यावर पुढे कुणी आक्षेप घेतला का, तो चुकीचा ठरला का. ही गारफील्डची मूळ इच्छा. फिलाडेल्फियातल्या त्याच्या संस्थेनं १९६०च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला तो विचारांचा माग काढता यावा म्हणून.

माग काढण्यासाठी केलेली सूची माणसं तोलण्यासाठी वापरात आली. २००५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी एक सुटसुटीत आकडा सुचवला. एखाद्याच्या वीस लेखांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख असतील, तर त्याचा एच-इंडेक्स वीस. भौतिकशास्त्रातल्या कोणत्या पदाला साधारण किती आकडा शोभतो, याचे अंदाजही त्यांनी दिले. विषय बदलला की आकड्याचा अर्थ बदलतो, हेही सांगितलं. आकडा जगभर पसरला, पण त्याच्यासोबतची सावधगिरीची सूचना मागेच राहिली. पंधरा वर्षांनी खुद्द हिर्श यांनीच लिहिलं, की हे माप कधीकधी सपशेल फसतं आणि त्याचे अनिष्ट परिणाम होतात. प्रस्थापित मताविरुद्ध संशोधन करणाऱ्याला या मापाचा फटका बसतो, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता.

माप कसं फसतं, हे पाहायला फार दूर जावं लागत नाही. जगात सर्वाधिक उद्धृत झालेला शोधनिबंध कोणता? १९५१ साली ऑलिव्हर लोरी आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला, द्रावणातलं प्रथिनांचं प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा. २०१४ साली ‘नेचर’नं आढावा घेतला तेव्हा त्याचे उल्लेख तीन लाखांच्या वर गेले होते. हा काही फार थोर लेख नव्हे, असं स्वतः लोरी यांनीच म्हटलं होतं. त्याच आढाव्यातल्या पहिल्या शंभर लेखांत वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा डीएनएच्या रचनेवरचा लेख नाही. प्रयोगशाळेत रोज लागणारी रीत लाखो वेळा उद्धृत होते. जीवनाचं रहस्य उलगडणारा लेख मात्र काही वर्षांत पाठ्यपुस्तकात जाऊन बसतो आणि मग त्याचा संदर्भ द्यायची कुणाला गरज वाटत नाही.

विषयाविषयातले रिवाजही असेच वेगळे. गणितात लेखकांची नावं बहुधा वर्णानुक्रमे लागतात. जीवशास्त्रात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. कणभौतिकीत तर २०१५ साली हिग्ज बोसॉनचं वस्तुमान सांगणारा एक लेख प्रसिद्ध झाला, त्याला ५,१५४ लेखक होते. तेहेतीस पानांपैकी नऊ पानं संशोधनाची आणि उरलेली चोवीस लेखकांच्या व त्यांच्या संस्थांच्या नावांची. त्या प्रत्येकाच्या नावावर तो लेख आणि त्याचे सगळे उल्लेख जमा होतात. एकट्यानं बसून भर्तृहरीची शेकडो हस्तलिखितं ताडून पाहणाऱ्याच्या नावावरही एकच ग्रंथ जमा होतो.

उल्लेख स्तुतीसाठी झाला की निषेधासाठी, हेही आकडा सांगत नाही. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अँड्र्यू वेकफील्ड यांच्या लेखानं गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला. २०१० साली तो मागे घेण्यात आला. त्याचे उल्लेख हजाराच्या वर आहेत आणि त्यांतले बहुतेक खंडन करणारे आहेत. बेरजेत मात्र ते सगळे मिळवलेच जातात.

कोसंबींच्या नाण्यांवरच्या कामात याला समर्पक दाखला सापडतो. नाणं हातोहात फिरताना किंचित झिजतं, हे धरून त्यांनी तक्षशिलेच्या ठेव्यांतल्या आहत नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला. पडताळा म्हणून चलनातली आधुनिक नाणीही तोलून पाहिली. वजनातल्या घटीवरून नाणं किती काळ चलनात होतं याचा अंदाज येतो. पण ते चांदीचं की तांब्याचं, हे ती घट सांगत नाही. त्यासाठी धातूच तपासावा लागतो. सायटेशनचा आकडाही लेख किती हातांतून गेला एवढंच सांगतो. तेही उपयोगाचं ज्ञान आहे. कस मात्र वेगळा काढावा लागतो.

आणि फिरण्यातही न्याय नसतो. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवून दिलं, की दोघांनी सारखंच काम केलं तरी श्रेय आधीच नावाजलेल्याकडे जातं. ज्याच्याकडे आहे त्याला आणखी मिळेल, या अर्थाचं वचन मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. त्यावरून मर्टन यांनी याला ‘मॅथ्यू इफेक्ट’ म्हटलं. हा शोध मोठ्या प्रमाणात हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या नोबेलविजेत्यांच्या मुलाखतींवर उभा होता. लेखावर झुकरमन यांचंही नाव असायला हवं होतं, हे मर्टन यांनी पुढे मान्य केलं. श्रेयाच्या अन्यायावरचा सिद्धान्तच त्या अन्यायाचं उदाहरण ठरला. पुढे १९९३ साली मार्गारेट रॉसिटर यांनी विज्ञानातल्या स्त्रियांचं श्रेय पुरुष सहकाऱ्यांकडे कसं वळतं ते मांडलं आणि त्याला माटिल्डा जॉस्लिन गेज या स्त्री-हक्क चळवळीतल्या लेखिकेचं नाव दिलं.

कोसंबींच्या १९४३च्या लेखातली मांडणी जगात अनेक वर्षं कारुनेन आणि लोएव या दोघांच्या नावानं ओळखली गेली. त्या दोघांचं काम कोसंबींनंतरचं. अलीकडे काही अभ्यासक तिघांचीही नावं एकत्र घेतात. १९४४च्या लेखाची गोष्ट उलटी. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढण्याचं कोसंबींचं सूत्र पीक-प्रजननाच्या प्रयोगशाळांत आजही रोज वापरतात, संगणकाच्या प्रणालींमध्ये ते पर्याय म्हणून बसवलेलंच असतं. सूत्र वापरणाऱ्या कितीतरी लेखांत कोसंबींचं नाव असतं, पण मूळ लेखाचा संदर्भ नसतो. विचार इतका अंगवळणी पडतो की त्याचा उगम सांगायचं राहून जातं, हेही मर्टन यांनीच दाखवलेलं. ज्ञानाचं सर्वांत मोठं यश म्हणजे सर्वांच्या वहिवाटीत मिसळून जाणं. नेमकं हेच यश आकड्याला दिसत नाही.

आकडा हेच ध्येय झालं की तो बनवताही येतो. २०१० साली सिरिल लाबे या फ्रेंच संगणकतज्ज्ञानं आईक अँटकारे नावाचा शास्त्रज्ञ निव्वळ कागदावर निर्माण केला. यंत्रानं लिहिलेले शंभरावर निरर्थक लेख एकमेकांचे संदर्भ देत इंटरनेटवर ठेवले आणि ‘गूगल स्कॉलर’वर या नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स ९४ झाला. अस्तित्वात नसलेल्या माणसाचा संदर्भ कोसंबींनीही दिला होता. १९३१ साली अलीगढमध्ये असताना, गणितज्ञ आंद्रे वेई यांच्या सांगण्यावरून, त्यांनी ‘बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेया’च्या सामान्यीकरणावर एक लेख लिहिला. बुर्बाकी नावाचा, लेखात म्हटलं होतं तसा, कुणी रशियन गणितज्ञ नव्हताच. पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या एका जुन्या थट्टेतलं ते नाव. पुढे वेई आणि त्यांच्या मित्रांनी याच नावानं गणिताचे ग्रंथ लिहिले आणि कुणीही स्वतःचं नाव पुढे केलं नाही. लाबे यांनी मापातला पोकळपणा उघड केला, तर बुर्बाकी मंडळानं श्रेय सोडून दिलं. आजची फसवणूक या दोन्हींहून वेगळी आहे, तिला पगारवाढ हवी असते. २०१९च्या एका जागतिक पाहणीत किमान अडीचशे शास्त्रज्ञ असे आढळले, ज्यांचे निम्म्याहून अधिक उल्लेख त्यांनी स्वतः किंवा सहलेखकांनी केलेले होते. २०२३ साली ‘क्लॅरिव्हेट’ कंपनीला सर्वाधिक उद्धृत संशोधकांच्या यादीतून गणित हा विषयच वगळावा लागला, कारण तिथले आकडे विश्वासार्ह राहिले नव्हते.

भारतात याचं स्वरूप अधिक दुखरं आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांच्या नेमणुकीला आणि बढतीला एपीआय नावाची गुणपद्धती लावली. प्रत्येक पेपरला गुण. गुण हवेत म्हणून पेपर, आणि पेपर छापायला पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी जर्नल. २०१८ साली भूषण पटवर्धन आणि त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. आयोगाच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नल त्यांनी पाहिली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असावीत असा निष्कर्ष निघाला. कुणाचा पत्ता नाही, कुणाचा संपादक नाही, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांना सरासरी मिळणाऱ्या उल्लेखांचा आकडा, खोटा. त्याच वर्षी आयोगानं ४,३०५ जर्नल यादीतून काढली. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मदतीनं ‘केअर’ यादी आली आणि २०२५ साली तीही बंद झाली. पीएच.डी.साठी पेपर छापण्याची सक्ती २०२२ साली उठली. याद्या आल्या आणि गेल्या. अर्जदारानं काय लिहिलं आहे ते निवड समितीनं वाचावं, हा आग्रह मात्र मागेच पडला.

आता दरवर्षी पावसाळा सरताना एक बातमी येते, अमुक महाविद्यालयाचे इतके प्राध्यापक जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी ‘स्कोपस’ या डेटाबेसच्या माहितीवरून करतात. तिची रचना बरीच विचारपूर्वक आहे. बावीस क्षेत्रं आणि पावणेदोनशेच्या आसपास उपक्षेत्रं वेगळी काढून, सहा मापांचा मेळ घालून, स्वतःचेच उल्लेख वगळूनही स्थान काढलं जातं. विषयांतल्या रिवाजांचा फरक भरून काढण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे. तरीही यादी प्रत्येकाला एका मुख्य क्षेत्रात बसवते. कोसंबींसारख्या माणसाचं काम मग चार-पाच क्षेत्रांत वाटलं जाऊन कुठेच पुरेसं भरत नाही. आणि सत्काराच्या बातमीत त्या प्राध्यापकांनी शोधलं काय, हे एका ओळीतही सापडत नाही.

आकड्यांच्या बाजूनं एक गोष्ट मनापासून मान्य केली पाहिजे. आकडे नव्हते तेव्हाही न्याय होताच असं नाही. वशिला होता, जात होती, गुरूची मर्जी होती, समितीतल्या दोघांची जुनी दोस्ती होती. लहान गावातून आलेल्या, कुणाचाही वरदहस्त नसलेल्या मुलीला स्वतःचं काम एका आकड्यात दाखवता आलं, तर तो तिच्यासाठी आधारच असतो. आकड्यांची टर उडवून पुन्हा मर्जीच्या राज्यात जाणं हा उपाय नव्हे. आकडा दार उघडून देण्यापुरता वापरावा, निवाडा त्याच्यावर सोपवू नये.

अशा चर्चेत गीतेतल्या निष्काम कर्माचा दाखला हमखास दिला जातो. त्या आदर्शाला शोभणारी माणसं विज्ञानात झाली आहेत. ग्रिगोरी पेरेलमान यांनी २००२-०३ मध्ये प्वांकारेच्या अनुमानाची सिद्धता तीन लेखांत इंटरनेटवर ठेवली आणि ती कोणत्याही जर्नलकडे पाठवली नाही. २००६चं फील्ड्स पदक नाकारलं, २०१०चं दहा लाख डॉलरचं पारितोषिकही नाकारलं. पीटर हिग्ज यांनी १९६४च्या सुप्रसिद्ध कामानंतर दहाही लेख लिहिले नाहीत. आजच्या व्यवस्थेत आपल्याला नोकरीच मिळाली नसती, असं ते २०१३ साली नोबेल स्वीकारायला जाताना म्हणाले होते.

पण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या, महिन्याचा हिशेब जेमतेम जुळवणाऱ्या नेट-सेट झालेल्या तरुणाला फळाची आशा सोड म्हणून सांगणं क्रूरपणाचं आहे. त्याच्यासाठी पेपर म्हणजे कीर्तीची हाव नाही, पोटाचा प्रश्न आहे. निःस्पृहतेची अपेक्षा करायची असेल तर ती खुर्चीवर बसलेल्यांकडून करावी. कर्ज घेणाऱ्यानं नाव नोंदवून आपलं काम केलेलं असतं. ऋषिऋणाचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे अध्ययन, हा परीक्षकांच्या वाट्याचा आहे. तो त्यांनी आकड्यांवर ढकलला आहे आणि सगळं बिघडलं आहे ते इथेच.

हे बदलता येतं, कारण काही ठिकाणी ते बदललं आहे. जर्मनीच्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठाननं २०१० पासून अर्जात मोजक्याच लेखांचा उल्लेख करण्याची मर्यादा घातली, संख्येऐवजी निवडक काम पुढे यावं म्हणून. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची परीक्षा करू नये, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ साली आला. २०१५च्या लायडन जाहीरनाम्यानं स्थानिक भाषांतल्या आणि स्थानिक प्रश्नांवरच्या संशोधनाचं रक्षण करा, असंही बजावलं. मराठीतून इतिहास, लोकसाहित्य, शेती, पाणी या विषयांवर लिहिणाऱ्या कितीतरी अभ्यासकांसाठी हे कलम महत्त्वाचं आहे, कारण मोठ्या डेटाबेसच्या लेखी त्यांचं काम जवळजवळ नसतंच. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठानं २०२१ साली नेमणुका आणि बढत्यांमधून इम्पॅक्ट फॅक्टर काढून टाकायचं ठरवलं.

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या विद्यापीठांनी यातली एक गोष्ट उद्यापासून करावी. प्रत्येक उमेदवाराकडून त्याचे स्वतःचे तीन लेख किंवा एक पुस्तक मागवावं, भाषा कोणतीही असो. मुलाखतीच्या आठवडाभर आधी ते समितीच्या प्रत्येक सदस्याला द्यावं आणि मुलाखतीतला पहिला प्रश्न त्या लिखाणावरच असावा. ज्या सदस्यानं वाचलेलं नाही, त्यानं त्या दिवशी गुण देऊ नयेत.